बर्नाडेटची हरकत

बाळकुमच्या बर्नाडेटला अक्कल नव्हती म्हणणाऱ्यांनी आधी तिच्याएवढं शिकून दाखवावं! डॉमनिक शेतकऱ्याची ही पोर १८९५ साली बी.ए. झाली. भाताच्या पानावरचा करपा रोग सूक्ष्मदर्शकाखाली बघून त्याची चित्रं काढायची तिला अशी गोडी लागली, की मुंबईच्या एका कॉलेजाने तिला प्रयोगशाळेत मदतनीस म्हणून ठेवून घेतलं. अट एकच, बाई बिनलग्नाची हवी.

आणि इकडे गिल्बर्टशी तिचं लग्न ठरलेलं. गिल्बर्ट तिला आवडायचा हो, तोच तर घोळ! ती ठाण्यातल्या आपल्या जुन्या शिक्षिकेकडे, ॲडेलिनबाईंकडे गेली.

“मी लग्न केलं नाही, म्हणून माझी खुर्ची टिकली,” बाई म्हणाल्या. “तुला दोन्ही पाहिजे ना? मग अंगठी पेटीत ठेव नि तोंड बंद ठेव.”

पण ही बया गावच्या पाद्रींसमोर खरं बोलून बसली. लग्नाआधी तीन रविवार देवळात, म्हणजे चर्चमध्ये, दोघांची नावं पुकारतात, मुलगी जिथे राहते तिथल्या देवळातसुद्धा. पाद्रींनी विचारलं, “वर्षभर कुठे राहतेस गं?” ही म्हणाली, मुंबईत. त्यांच्यापुढे खोटं कसं बोलायचं? पहिल्याच रविवारी मुंबईत नाव पुकारलं गेलं, आणि पुढच्याच बाकावर कॉलेजच्या मॅडम बसलेल्या.

आठवड्यात कॉलेजचं पत्र आलं. लग्न होणार असेल, तर पुढल्या महिन्यापासून येऊ नये.

“एक वर्ष थांब रे,” ती गिल्बर्टपुढे रडली. “तेवढ्यात माझं काम पुरं होईल. मग तू म्हणशील तसं.”

“घरचे काय म्हणतील?” एवढंच तो बोलला.

तिसऱ्या रविवारी गावच्या देवळात पाद्रींनी नावं वाचली. कोणाला हरकत असेल तर सांगा, म्हणाले. बर्नाडेट उभी राहिली. आईने लुगडं खेचलं, तरी बसली नाही.

“मला हरकत आहे, फादर. लग्न मोडायचं नाही, वर्षभर पुढे ढकला. माझं काम जातंय.”

कोणीतरी हसलं. पाद्री जरा गोंधळले, मग म्हणाले, “बाय, ही हरकत धरता येत नाही. नवरामुलगा काय म्हणतो?”

सगळं देऊळ पुरुषांच्या बाजूला वळलं. बर्नाडेटने जीव मुठीत धरून गिल्बर्टकडे पाहिलं. तो खाली मान घालून बसला होता, आणि तसाच बसून राहिला.

पाद्रींनी पुढच्या जोडप्याची नावं वाचायला घेतली.