सशाची चांदटोपी

"म्याडम, खाली तुमचंच नाव आहे ना?"

भाविकाच्या आईनं, ललितानं, मोबाइल माझ्या तोंडासमोर धरला होता. शाळेच्या नंबरवरून पालकांच्या ग्रुपवर गेलेला मेसेज होता. वर रॉकेटचं चित्र, मध्ये एका कार्टूनची लिंक आणि खाली ठळक अक्षरात 'महाजन मॅडम की पसंद'.

महाजन मॅडम म्हणजे मी. आणि ते कार्टून मी स्वतः नापास केलं होतं.

ललिताच्या मागे भाविका उभी होती. चार वर्षांची पोरगी. एरवी ऑफिसात आली की टेबलावरची घंटी वाजवल्याशिवाय राहायची नाही. त्या दिवशी ती आईचा पदर तोंडात घालून उभी होती. गालावर बोटांचे वळ अजून दिसत होते. समोरच्या खुर्चीत आमचे डायरेक्टर नितीन सर पेन फिरवत बसले होते.

"काय झालं ते नीट सांग," मी म्हटलं.

"काय सांगू म्याडम? हिनं दादूच्या डोक्यावर केळीची पन्नी घालून दिली. गळ्याशी सुतळी बी बांधली. मी अंगणात कपडे धुऊन राहिली होती. काकीनं पाहिलं म्हणून वाचला, नाही तर पोरगा हातचा गेला होता. निळा पडून गेला होता."

दादू म्हणजे भाविकाचा धाकटा भाऊ. अजून धड बोलतही नाही. आणि पन्नी म्हणजे केळीच्या घडाला घालतात ती प्लॅस्टिकची पिशवी.

"आता कसा आहे?"

"आता ठीक आहे. दवाखान्यातून घरी आणला. पण हिचे पप्पा बोलले, हिला त्याच्याजवळ जाऊ नका देऊ. घरात सगळे हेच बोलून राहिले, पोरगी खुनशी आहे. शाळा बी बंद करतो म्हणे."

नितीन सरांनी पेन खाली ठेवलं. "देखिए, घरी लक्ष ठेवणं पालकांचं काम आहे. आणि मुलगी थोडी हायपर आहेच. आम्हीपण नोटिस केलंय."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. वर्षभर त्या पोरीला मी रोज पाहत होते. डबा उघडताना शेजारच्या पोराचं झाकण आधी उघडून देणारी पोरगी ती. आणि ज्या माणसाला तिचं आडनावसुद्धा आठवत नव्हतं, तो तिला हायपर ठरवून मोकळा झाला. चोर सोडून संन्याशाला फाशी, ती हीच.

आता माझं काम काय होतं ते सांगते, म्हणजे माझा राग कुठून येतो ते कळेल.

बऱ्हाणपूरच्या राजपुऱ्यातल्या एका प्ले स्कूलमध्ये मी शिकवायचे. शाळेत स्मार्ट टीव्ही आला तेव्हा त्यावर काय लावायचं हे ठरवायचं काम माझ्याकडे आलं. दर आठवड्याला पालकांनाही एक कार्टून सुचवायचं. त्यालाच सरांनी 'महाजन मॅडम की पसंद' हे नाव दिलं. ग्रुपवर मेसेज मात्र ऑफिसमधून जायचा. टीचर लोकांना पालकांच्या ग्रुपवर घ्यायचं नाही, असा सरांचा नियम होता. पालक डायरेक्ट बोलायला लागतात म्हणे.

लोकांना वाटतं, कार्टून निवडणं म्हणजे बसून कार्टून बघणं. माझी बहीण तर म्हणायची, तुला पगार कसला देतात, तुझ्याकडूनच तिकिटाचे पैसे घ्यायला पाहिजेत. पण माझी एक पद्धत होती. प्रत्येक कार्टून मी आधी आवाज बंद करून बघायची. कारण तीन-चार वर्षांच्या मुलाला गोष्ट फारशी कळत नाही. त्याला दिसतं ते हातांनी काय केलं, पायांनी काय केलं. आवाज बंद केला की तुम्हालाही तेवढंच दिसतं. मग पडद्याकडे पाठ करून नुसता आवाज ऐकायची. किती किंचाळतात, कुणाला काय म्हणून हाक मारतात, ते तेव्हा कळतं. आणि शेवटी मुलांबरोबर बघायची. तेव्हा पडद्याकडे बघायचंच नाही, मुलांकडे बघायचं. पापणी लवत नसेल, तोंड उघडं पडलं असेल, तर चित्रं फार भराभर बदलतायत असं समजायचं. याला पेसिंग म्हणतात. असं कार्टून मुलांना गप्प बसवतं, म्हणून मोठ्यांना फार आवडतं. माझ्याकडे ते हमखास नापास व्हायचं.

सगळ्यात मोठा प्रश्न असतो नकलेचा. मूल जे बघतं ते करून बघतं. मग मी विचारायची, हे करून बघायला लागणारी वस्तू आपल्या मुलांच्या घरात आहे का? कार्टूनमध्ये कुणी बर्फावरून घसरला तर मला चिंता नाही, बऱ्हाणपुरात बर्फ फक्त गोळेवाल्याकडे असतो. पण कुणी विहिरीच्या कठड्यावर चालला, तर ते कार्टून कितीही गोड असो, बाद.

आमच्या शाळेत 'अंतराळ सप्ताह' ठरला तेव्हा सरांनी एका सशाचं कार्टून आणलं. ससा चंद्रावर जातो. गाणं छान, चित्रं संथ, एकही शिवी नाही, मारामारी नाही. मी आवाज बंद करून बघायला बसले. सशाकडे हेल्मेट नसतं. मग तो एक लांबलचक, मऊ, पारदर्शक पिशवी घेतो. दोन्ही कानांवरून खाली ओढतो. हनुवटीखाली दोरी गुंडाळतो आणि गाठ मारतो. ही त्याची चांदटोपी. मग हसतो आणि उडतो.

मी तिथेच थांबवलं.

आमच्याकडची निम्मी मुलं केळीवाल्यांच्या घरची. केळीचा घड झाडावर असतानाच त्याला लांब पिशवी घालतात. सगळे तिला स्कर्टिंग बॅग म्हणतात. फळावर डाग पडू नये, ऊन लागू नये म्हणून. पिशवी खालून वर ओढून घ्यायची आणि दांड्याशी सुतळीनं आवळायची. घड उतरवला की पिशवी दांड्याच्या बाजूनं ओढून काढतात. वरची गाठ सहसा कुणी सोडत नाही, म्हणजे पिशवी एका बाजूनं बंदच राहते. कुठे पांढऱ्या कापडासारख्या पिशव्या वापरतात, कुठे पन्नीच्या. वापरलेल्या पिशव्यांचे गठ्ठे ओसरीत पडलेले असतात आणि मुलं त्यावर लोळतात. आपले आईबाप पिशवी ओढतात आणि सुतळी बांधतात, हे त्यांनी चालता येण्याआधीपासून पाहिलेलं असतं. ससा तेच करत होता. फक्त घडाऐवजी डोकं होतं.

मी सरांकडे गेले. "सर, हे नाही चालणार."

"अरे मॅडम, U रेटिंग आहे!"

U म्हणजे सगळ्या वयाच्या लोकांनी बघावं असं. हे ठरवणारी माणसं मोठ्या शहरात बसतात. त्यात त्यांचा दोष नाही. त्यांच्या ओसरीत स्कर्टिंग बॅगचे गठ्ठे नसतात.

मी सरांना सगळं समजावून सांगितलं. पिशवी कशी, सुतळी कशी. ते हसले. "तुम्ही तर प्रत्येक गोष्टीला मनाच करता. आणि मॅडम, शेवट बघा ना. शेवटी शिकवण आहे. सशाची आई त्याला सांगते, मोठ्यांना विचारल्याशिवाय काही करायचं नाही. एकदम मॉरल!"

"सर, या वयाचं मूल शेवटापर्यंत थांबत नाही. दहा मिनिटं जे केलं ते त्याला दिसतं. एका मिनिटाचं बोलणं कोण ऐकतं?"

"ठीक आहे, ठीक आहे. जशी तुमची मर्जी."

वर्गात मी ते लावलं नाही. विषय संपला असं मला वाटलं. त्याच आठवड्यात सरांनी पालकांना सांगितलं की सप्ताहातल्या फॅन्सी ड्रेससाठी खर्च करू नका, स्कर्टिंग बॅगला डोक्या-हातांसाठी भोकं पाडा, पांढरा अंतराळवीर तयार. मला हे नंतर, ललिताकडून कळलं. म्हणजे आधी शाळेनंच सांगितलं की ही पिशवी माणसाच्या अंगावर घालायची असते. आणि मग तीच शाळा सशाचं कार्टून पाठवते, माझ्या नावानं! पालक माझ्या नावावर विश्वास ठेवतात म्हणून माझं नाव. हे बघून मुलगी शहाणी होईल, असं समजून ललितानं फोन भाविकाच्या हातात दिला आणि कपडे धुवायला गेली. यात तिचं काय चुकलं? शिकलेल्या लोकांनी 'चांगलं आहे' म्हणून पाठवलं होतं.

तर त्या दिवशी ऑफिसात मी ललितासमोरच सरांना विचारलं, "हे कोणी पाठवलं?"

"मॅडम, हे आपण नंतर बोलू."

"नंतर नाही. मी हे नापास केलं होतं की नव्हतं?"

सरांनी पेन पुन्हा उचललं. मग म्हणाले, "नाव काढून टाकतो ना तुमचं. बात खतम."

"माझं नाव राहू द्या. या पोरीचं नाव साफ करा. तिच्या घरी चला आणि घरच्यांसमोर सांगा, शाळेनं दाखवलं तेच तिनं केलं."

"पागल झालात काय? उद्या केस होईल. शाळा बंद पाडायची आहे का?"

"मग मी जाते."

"जा. पण शाळेच्या नावानं जायचं नाही. आणि गेलात तर उद्या येऊ नका."

इतकी वर्षं मी त्या माणसाच्या हाताखाली काढली, पण इतकं खरं तो पहिल्यांदाच बोलला. मी पर्स उचलली.

ललिताचं घर शहराबाहेर, चांदनीकडच्या एका गावात. रिक्षात भाविका माझ्या शेजारी होती, पण तिनं माझा हात धरला नाही. घरी पोचलो तर तिचे पप्पा खाटेवर बसलेले होते, मांडीवर दादू. गळ्याभोवती लाल रेघ अजून होती. भाविका उंबऱ्याशीच थांबली. तिला आत ये असं कुणी म्हटलं नाही. तीही आली नाही. चार वर्षांच्या पोरीला आपल्याच घरात कुठे उभं राहायचं हे कळलं होतं. ते बघून मला रडू आलं नाही, संतापच आला, आणि तो अजून गेलेला नाही.

मी सगळं सांगितलं. ससा, पिशवी, सुतळी, माझं नको म्हणणं, सरांचं पाठवणं. काही लपवलं नाही.

पप्पांनी दादूला मांडीवर सरळ केलं. मग म्हणाले, "म्याडम, तुम्ही बोलून राहिल्या ते ठीक. पण गाठ तो हिनंच मारली ना?"

"गाठ मारायला कोणी शिकवलं?"

 दाराशी सुतळीचं बंडल पडलेलं होतं, त्याकडे पप्पांची नजर गेली.

तेवढ्यात काकी म्हणाली, "मी आली तेव्हा फोन चालूच होता. तो ससा उडूनच राहिला होता. आणि ही टाळ्या वाजवत होती, दादू चांदावर चालला, दादू चांदावर चालला."

मला तेच जाणून घ्यायचं होतं. ससा अजून उडत होता. म्हणजे शेवट आलाच नव्हता. सशाची आई यायच्या आधीच पोराचा श्वास कोंडला होता.

मी भाविकाजवळ जाऊन खाली बसले. ती हळूच म्हणाली, "मॅडम, सशाला काही झालं नव्हतं."

"हो बेटा. ससा चित्र आहे. चित्राला श्वास घ्यावा लागत नाही."

"मला नाही ना माहीत."

 मग पप्पांनी दादूला खाटेवरून खाली ठेवलं. तो रांगत निघाला तो थेट उंबऱ्याकडे. बहिणीचा फ्रॉक धरून उभा राहिला. भाविकानं दोन्ही हात पाठीमागे नेले. त्याला शिवायचं की नाही, हे विचारायला ती बापाकडे बघत होती.

"घे ना," पप्पा म्हणाले. "तुझाच भाऊ आहे."

मी दुसऱ्या दिवशी शाळेत गेले नाही. 'पसंद' चालू आहे असं ऐकते, फक्त मॅडम बदलल्या. त्यांना भेटून मी एकच सांगितलं. कार्टून बघून झालं की टीव्ही बंद करा आणि मुलाच्या घरी काय पडलेलं असतं ते आठवा. आणि 'शेवटी शिकवण आहे' असं कुणी म्हणालं, तर त्याला विचारा, शेवटापर्यंत पोर जिवंत राहील का?