ग्रेडरच्या काचा

दिवाळीनंतर घेतलेल्या चष्म्याच्या काचा अकराव्या दिवशी निकामी झाल्या. चष्मा माझ्या वडिलांचा होता. ते मारेगाव तालुक्यातल्या एका कापूस खरेदी केंद्रावर ग्रेडर होते. गाडीतला कापूस बघून त्याची प्रत ठरवणं हे त्यांचं काम. बाराव्या दिवशी त्यांची परीक्षा होती.

ती कापसाची पडती वर्षं होती. भाव खाली, बोंडअळी दरसालची, आणि एक प्रत इकडची तिकडे झाली तरी माणसं टेबलासमोरून हलत नसत. त्या हंगामाच्या सुरुवातीलाच वडिलांविरुद्ध तीन तक्रारी आल्या. तिन्हींचा मजकूर एकच होता: ग्रेडरला दिसत नाही.

तक्रारी खऱ्या होत्या. वडिलांना शाळेपासून लांबचं दिसत नव्हतं, त्यासाठी चष्मा होता. पन्नाशीच्या आसपास त्या चष्म्यातून जवळचंही दिसेना. कापसाचं पुंजकं दोन्ही हातांच्या चिमटीत धरून ओढायचं आणि सुटलेल्या धाग्यांची लांबी बघायची, ही त्यांची पद्धत. दर हंगामात ती चिमूट डोळ्यांपासून थोडी लांब जात होती. "साहेब, हात पुरून नाही राह्यला तं मी धरतो तिकडं उभा राहून," असं एक गाडीवान म्हणाला होता. तक्रारीत ते नाही, पण गावात सगळ्यांना माहीत होतं.

केंद्रप्रमुखांनी तोडगा काढला. पंधरवड्यानंतर यवतमाळहून एक अधिकारी येतील, दहा नमुने मांडतील, वडिलांनी त्यांची प्रत सांगायची. आठ बरोबर आले तर टेबल त्यांचं. नाहीतर वजनकाट्यावर चिठ्ठ्या फाडायला बसायचं. वडील सत्तावीस वर्षं त्या टेबलावर होते आणि काट्यावरच्या माणसाला "चिठ्ठीवाला" म्हणत. त्याचं नाव त्यांना माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं यवतमाळला गेलो. मी तेव्हा एका दैनिकाचा तालुका वार्ताहर होतो.

चष्मेवाल्याने डोळे तपासून आधी बिनखर्चाचा उपाय सांगितला. "काका, तुमचा नंबर मायनसचा आहे. जवळचं बघायचं तेव्हा चष्मा काढा आणि वस्तू नाकाजवळ न्या. स्वच्छ दिसेल."

"अन् कापसात तोंड घालू?" वडील म्हणाले. "लोक म्हणतीन, टेबलावर ग्रेडर नाही, बकरी बसवली."

मग त्याने भारीतल्या काचा काढल्या. प्रोग्रेसिव्ह: वरच्या भागातून लांबचं, खालच्या भागातून जवळचं, मध्ये रेघ नाही. वर चकाकी अडवणारं कोटिंग. त्याने एक साधी आणि एक कोटिंगची काच ट्यूबलाइटखाली धरली. साधीत ट्यूब पांढरी दिसत होती, दुसरीत पुसट हिरवी.

"हे हिरवं काहून? डाग हाय का?"

"डाग नाही काका, तेच कोटिंग."

वडिलांनी ती काच चिमटीत धरून दोन्ही बाजूंनी पाहिली. त्यांनी पसंत केलेली फ्रेम बारीक होती. तिच्यात काचेचा खालचा, जवळचं बघायचा भागच कापला जाईल, असं सांगून चष्मेवाल्याने उंच फ्रेम दिली. ती घालून वडील आरशासमोर बराच वेळ उभे राहिले. "टीव्ही हाय हा," ते म्हणाले, पण घेतली.

चार दिवसांनी चष्मा तयार झाला. तो देताना चष्मेवाल्याने काळजी कशी घ्यायची ते दोनदा सांगितलं. आधी काच पाण्याखाली धरायची. बोटाने हलका साबण. मग सोबतच्या जांभळ्या फडक्याने टिपायची. सुकी काच कधीच पुसायची नाही. सदऱ्याने नाही, टॉवेलाने नाही, कागदाने नाही. कापसाचं नाव त्याने घेतलं नाही. कोणी कापसाने पुसेल असं त्याला वाटलं नसावं.

पहिले दोन दिवस वडील पायरी चुकत होते. तिसऱ्या दिवशी जेवताना त्यांनी मान वर केली. "अवं, त्या कोपऱ्यात जाळं हाय."

"सत्तावीस वर्षं कापूस पाह्यला," आई म्हणाली, "अन् घर आज दिसून राह्यलं."

केंद्रावर हवेत तंतू उडत असतात. काचांवर दर पंधरा मिनिटांनी लव बसायची. जांभळं फडकं वडिलांनी पहिल्याच दिवशी तपासलं. त्याचा एक धागा काढला, ओढला, उजेडात धरला. "कापूस नाही," असं सांगून त्यांनी ते टेबलाच्या खणात टाकलं. मग समोरच्या ढिगातलं लांब धाग्याचं एक पुंजकं निवडलं, सरकी काढली आणि काचा पुसल्या. सुक्या. हे दिवसातून वीस-पंचवीस वेळा व्हायचं. आईने एकदा फडक्याची आठवण केली.

"जगात कापसाहून मऊ काही नाही," वडील म्हणाले. "तू मले कापूस शिकवतं का?"

सातव्या दिवशी त्यांच्या लक्षात आलं, की यंदाच्या मालाला चमक नाही. त्या दिवशी नोंदवहीत शेऱ्याच्या रकान्यात त्यांनी पहिल्यांदा 'धूसर' लिहिलं. आठव्या दिवशी सहा वेळा लिहिलं. रात्री जेवताना मला सांगितलं, आणि मी बातमी पाठवली. 'तालुक्यातील कापसाची चमक घटली. जाणकारांचे मत' या मथळ्याखाली ती एका कॉलमात छापून आली. जाणकार एकच होता आणि मत देताना तो वरणभात खात होता.

बातमी वाचून कृषी सहायक मोटारसायकलवरून चार गावं फिरले. त्यांना काही आढळलं नाही. त्यांनी आणखी चार गावं घेतली.

अकराव्या दिवशी एक शेतकरी बाई स्वतःची बैलगाडी हाकत केंद्रावर आली. मी चहाच्या टपरीवरून उठून टेबलाशी उभा होतो. वडिलांनी पुंजकं ओढून पाहिलं आणि दुसरी प्रत सांगितली.

"दुसरी काहून, साहेब?"

"चमक नाही, बाई."

"उन्हात वेचलेला हाय. वाळल्या पानाची पत्ती नाही, किडकी कवडी नाही. चमक कुठं गेली?"

"पेपरात आलं हाय," वडील म्हणाले.

"पेपरवाला माह्या वावरात आलता का पाहाले?"

मी टपरीकडे बघू लागलो. वडिलांनी चष्मा काढला, सवयीने तिच्याच गाडीतलं पुंजकं उचललं आणि काच पुसायला लागले.

"हे काय करून राह्यले, साहेब?"

"पुसून राह्यलो."

"त्यानं? अवो, त्यात वावराची धूळ हाय! ते साफ कराले अख्खी जिनिंग लागते, अन् तुमी काचेवर रगडून राह्यले?"

वडिलांचा हात थांबला. बाईने चष्मा त्यांच्या हातातून घेतला, पदराला न लावता, कडेने धरून. तिने तो उन्हाकडे केला. दोन्ही काचांवर बारीक गोल ओरखडे होते, तव्यावर काथ्या फिरवल्यासारखे. मग तिने त्यातून आपल्या गाडीकडे पाहिलं.

"आता बोला. यातून माहा कापूसच काय, माहा नवराबी दुसऱ्या प्रतीचा दिसन."

रांग हसली. वडील हसले नाहीत. त्यांनी तिच्या गाडीतलं दुसरं पुंजकं घेतलं, ओढलं आणि चष्म्याशिवाय नाकाजवळ नेलं. बराच वेळ पाहिलं. रांगेतून कोणीतरी बकरीचा आवाज काढला. चष्मेवाल्याकडचा किस्सा टपरीवर मीच सांगितला होता.

"पहिली प्रत," वडील म्हणाले आणि चिठ्ठीवर तसं लिहिलं.

संध्याकाळी मी एसटीडी बूथवरून चष्मेवाल्याला फोन केला. कोटिंगवर ओरखडे पडले की ते निघत नाहीत, असं तो म्हणाला. काचाच बदलाव्या लागतील, चार दिवस लागतील. कशाने पुसल्या, असं त्याने विचारलं. मी सांगितलं. त्याने ते मला पुन्हा सांगायला लावलं.

परीक्षा सकाळी होती. जुन्या चष्म्यातून जवळचं दिसत नव्हतं, नव्यातून काहीच धड दिसत नव्हतं. उरला तो बिनखर्चाचा उपाय. वडील ओसरीवर बसले होते.

"उद्या साऱ्या तालुक्यासमोर बकरी होऊ?"

आई तूर निवडत होती. तिने मान वर केली नाही. "मंग चिठ्ठ्या फाडा. बकरीले कापूस तरी कळते."

अधिकाऱ्यांना उजेड हवा होता, म्हणून टेबल आवारात मांडलं गेलं. चाळीसेक गाड्या उभ्या होत्या. गाड्यांची माणसं टेबलाभोवती आली. वडिलांनी चष्मा काढून खिशात ठेवला.

"चष्मा लावा ना," अधिकारी म्हणाले.

"तो दूरचा हाय, साहेब."

पहिल्या नमुन्यावर त्यांनी नाक टेकवलं तेव्हा मागून दोन वेळा बकरीचा आवाज आला. चौथ्या नमुन्यावर ते शिंकले. सातव्याला त्यांनी डोळ्यांच्या आधी नाकाने ओळखलं. "याच्यावर पाणी मारलं हाय," ते म्हणाले. अधिकाऱ्यांनी नमुना हातात घेऊन दाबला आणि कागदावर काहीतरी लिहिलं. त्यानंतर बकरी बंद झाली.

दहापैकी नऊ बरोबर आले. चुकलेल्या नवव्या नमुन्याबद्दल वडिलांनी लेखी हरकत घेतली. तिचं उत्तर आलं नाही.

'धूसर' शेरा मारलेल्या बावीस गाड्यांचे नमुने केंद्रात राखून ठेवलेले होते. केंद्रप्रमुखांनी ते त्याच दुपारी फेरतपासणीला काढले. वडिलांनी ते चष्मा काढून पाहिले. एकोणीस गाड्यांची प्रत वर गेली.

नव्या काचा चार दिवसांनी आल्या. वडील त्या आवारातल्या नळाखाली धुवायचे आणि खणातल्या जांभळ्या फडक्याने टिपायचे. निवृत्तीपर्यंत ते त्याच टेबलावर होते.

माझ्या बातमीची दुरुस्ती त्याच आठवड्यात आतल्या पानावर, दोन ओळींत छापून आली. तालुक्यातील कापसाची चमक घटलेली नाही, असं तिच्यात म्हटलं होतं.