माणूसघाणे आबा

पुस्तकात मनुष्यद्वेष्टा असं लिहितात. आमच्या भडगावकडे जो कुणाच्या पंगतीला बसत नाही तो माणूसघाणा, संपलं. आमचे वडील, आबा, तसे. हिवाळ्यात भाऊबंदांची भरीत पार्टी शेजारच्याच शेतात व्हायची, पण हे आपले बांधापलीकडे गव्हाला पाणी भरत. मला जाम लाज वाटायची, म्हणून मी सगळ्यांत पुढे.

त्या वर्षी विहिरींवरच्या मोटारींची वायर चोरीला जात होती. सगळे आधीच तापलेले. वांगी भाजून झाली तेवढ्यात एक मजूर आला. पिंपळनेरकडचा, कापूस वेचायला आलेला. त्यानं प्यायला पाणी मागितलं. कुणीतरी त्याची पिशवी उपडी केली आणि आतून वायरचा तुकडा पडला. झालं! बाबा, ही कुठली, एवढं विचारायची अक्कल एकालाही सुचली नाही. आधी थोबाडीत, मग लाथा. तो रक्त ओकायला लागला तरी कुणी थांबेना. वांगी ठेचायचं लाकडी दांडकं माझ्या हातात होतं. मीही हाणलं. खोटं कशाला बोलू, हाणताना बरं वाटत होतं.

तेवढ्यात आबा बांध ओलांडून धावत आले आणि त्याच्या अंगावर आडवे पडले. "ती वायर मनी शे," ते ओरडले. झोपडी बांधायला त्यांनीच त्याला आपली जुनी वायर दिली होती. मला स्पष्ट ऐकू आलं. तरी उगारलेला हात मी खाली आणला. त्यांचं मनगट मोडलं. त्यांनी मान वर करून बघितलं, दांडकं कुणाच्या हातात आहे ते.

क्षणात माणसं पांगली. दोघांना गाडीत घालून मी एकट्यानं जळगावला नेलं. तिथं डॉक्टरनं विचारलं तर आबा म्हणाले, बांधावरून पडलो. मग मला एवढंच विचारलं, "तो जित्ता शे ना?" मी हो म्हणालो.

त्याला शेजारचीच खाट मिळाली. त्याचा एक डोळा गेला होता. आबा डाव्या हातानं भाकरी मोडून त्याला भरवत आणि दिवसभर त्याच्याशी बोलत बसत. घरच्यांची, पिकाची चौकशी करत, हसतसुद्धा. मी पायथ्याशी उभा असायचो.

माझ्याशी ते त्यानंतर अजून बोललेले नाहीत.