गालातल्या सुपाऱ्या

इस्लामपुरात स्टँडमागच्या सलूनमध्ये मी नंबर लावून बसलो होतो. खुर्चीत एक थोराड हाडाचे म्हातारे, ताठ बसलेले. मिलिटरीतली सवय असावी. दात सगळे गेलेले, जबडा आक्रसलेला, हनुवटी नाकाला भिडायला आलेली. खोल गेलेल्या गालावर वस्तरा नीट चालेना, तसा न्हावी म्हणाला, "आवं आबा, सुपाऱ्या धरा."

म्हाताऱ्यांनी खिशातून दोन अख्ख्या सुपाऱ्या काढून एकेका गालात सारल्या. गाल भरून आले, वस्तरा सरसर फिरला.

दाढी झाली तरी ते उठेनात. मला घाई होती, मी वैतागलो होतो. ते आरशात रोखून बघत होते. भरल्या गालांनी चेहरा करारी, चांगलाच कडक दिसत होता.

"ह्यो बघा," आरशातूनच ते मला म्हणाले. सुपाऱ्यांमुळे शब्द बोबडे येत होते. "ह्यो सुट्टीवर आला की घर चिडीचूप. बायकू लय भ्यायची ह्याला. मरस्तवर भ्याली."

मग त्यांनी सुपाऱ्या हातावर काढल्या. गाल आत गेले, ओठ दुमडले, तोंडाचे कोपरे आपसूक वर चढले. म्हातारे हसतायत असंच कुणालाही वाटलं असतं. डोळे मात्र भरले होते.

सुपाऱ्या रुमालाला पुसत ते म्हणाले, "आन ह्यो हसरा हाय न्हवं, ह्यो तिच्या वाट्याला आलाच न्हाई."