वाटीखालचे कागद

बाईला 'हो'चा राग होता. वर्गात 'कळलं का?' म्हणून विचारलं आणि सगळी पोरं एका सुरात 'होऽऽ' म्हणाली की ती खडू खाली ठेवायची. म्हणायची, "हा हो घंटेसारखा आहे. बडवली की वाजते." मग गप्प उभी राहायची. एखादं पोरगं चाचरत 'मला नाही कळलं' म्हणेपर्यंत पुढं सरकायचीच नाही. आणि म्हणालं की त्याला जवळ घेऊन बसायची. जवळ बसायला मिळतं म्हणून काही पोरं उगीच 'नाही कळलं' म्हणायला लागली, ती तर तिला चेहऱ्यावरूनच ओळखू यायची.

बायको माझी, पण अख्खं गाव बाई म्हणायचं म्हणून मीही बाईच म्हणायचो. ती शाळेत मास्तरीण आणि मी चौथी शिकलेला, शेळ्या राखणारा. तेरच्या अलीकडं आमचं गाव. सकाळी तिला शाळेच्या फाटकात सोडायचं आणि शेळ्या घेऊन नदीकडं जायचं, एवढाच माझा शिक्षणाशी संबंध. मला लिहायची सवय नाही. तरी लिहायला बसलोय, कारण तिच्या शोकसभेत तिच्याबद्दल जे बोललं गेलं ते धादांत खोटं होतं आणि लोकांनी माना डोलवून ते ऐकून घेतलं.

वाचनाची चाचणी झाली की बाकीच्या मास्तरांचं काम संपायचं. मार्क मोबाईलमध्ये भरले, झालं. बाईचं काम तिथून सुरू व्हायचं. शनिवारी दुपारी ती पोरांचे कागद पिशवीत भरून घरी आणायची आणि ओसरीवर पसरायची. मार्क किती पडले ते बघायचीच नाही, चूक कशी झाली ते बघायची आणि तसे ढीग लावायची. आमच्या ओसरीला वारा फार, म्हणून ढिगावर हाताला येईल ते वजन ठेवायचं. ज्यांना अजून अक्षरच जुळत नाही त्यांचे कागद तांब्याखाली. जी पोरं घडाघडा वाचतात पण डोक्यात काही शिरत नाही, त्यांचे वाटीखाली. लिहिलेलं कळतं पण 'का' विचारलं की अडतात, ते अडकित्त्याखाली. मी रानातून तापून यायचो आणि पाणी मागायचो. ती कागदातून मान वर न करता म्हणायची, "तांब्या गुंतलाय. वाटी पण गुंतलीय. माठात हात घाला आणि ओंजळीनं प्या." कितीतरी शनिवार मी ओंजळीनं पाणी प्यालो.

सोमवारपासून शाळा भरायच्या आधी तिचा सकाळचा तास असायचा. त्यात दुसरी, तिसरी, चौथी असं काही नव्हतं. ढिगाप्रमाणं बसायचं. चौथीतला मिसरूड फुटायला आलेला गडी दुसरीतल्या पोरीशेजारी बसून गोष्ट वाचायचा, मग पुस्तक मिटायचं आणि काय झालं ते एकमेकांना आपल्या बोलीत सांगायचं. पुढच्या चाचणीत परत ढीग लागायचे. कुणी तांब्याखालून वाटीखाली गेलं की पोरं पेढा मिळाल्यासारखी नाचायची.

आयांना मात्र हे सोसायचं नाही. एकदा मुमताज आमच्या दारात आली. गावात शिलाई करते, जीभ तिची सुईच. "बाई, माझी सानिया पेपर घडाघडा वाचती, न् तुमी तिला वाटीखाली घातलं व्हय? माझ्या लेकराची इज्जत काढली."

बाईनं तिला बसवलं, चहा दिला. सानिया आईच्या पदराआड उभी होती. बाईनं एका कागदावर दोन ओळी लिहून तिला वाचायला दिल्या. पोरीनं न अडता वाचलं, "टिंबळीनं गरडूक खुरपलं आणि झुमरीत टाकलं."

"कुणी खुरपलं?"

"टिंबळीनं."

"कुठं टाकलं?"

"झुमरीत."

मुमताजची मान ताठ झाली. तेवढ्यात बाईनं तिलाच विचारलं, "मुमताज, गरडूक म्हणजे काय गं?"

"मला काय ठाऊक? पुस्तकात असंल."

"पुस्तकात नाही. मी आत्ता बसल्या बसल्या जुळवलं. त्याला अर्थच नाही." मग बाई सावकाश म्हणाली, "प्रश्नातला शब्द ओळीत सापडला की पोरं ती ओळ उतरवून मोकळी होतात. उत्तर बरोबर येतं आणि कळलेलं काहीच नसतं. तुझी पोरगी हुशार आहे, म्हणून तर हे कुणाच्या ध्यानात येत नाही."

मी शेळ्यांना पाला टाकत होतो. मीसुद्धा मनात 'टिंबळीनं' असंच म्हटलं होतं. माझ्या चार इयत्ता बहुतेक अशाच पार पडल्या.

पुढच्या एका चाचणीत उतारा होता. एक आजोबा बाजारातून नव्या चपला हातात धरून अनवाणी घरी येतात, दारात नात वाट बघत असते, एवढाच. प्रश्न होता, आजोबांनी चपला पायात का घातल्या नाहीत. बहुतेकांनी उतरवलं होतं की आजोबा चपला हातात धरून घरी आले. सानियानं लिहिलं होतं, 'त्या त्यांना बसणार न्हाईत. त्या पोरीच्या हाईत.' बाईनं तो कागद कुठल्याच ढिगात ठेवला नाही. माझ्या हातात दिला. म्हणाली, "वाचा. हे उताऱ्यात कुठंच लिहिलेलं नाही. हे पोरीचं स्वतःचं आहे." त्या रात्री तिनं गोडाचा शिरा केला. सण नव्हता, कुणाचा वाढदिवस नव्हता.

आता साहेबाचं सांगतो. हा साहेब आसपासच्या शाळांवर देखरेख करणारा. इस्त्रीचा शर्ट, गोड बोलणं. त्याचं म्हणणं असं, की मोबाईलवर सगळ्या शाळा पुढं गेलेल्या दिसतात आणि बाईची शाळा तेवढी मागं दिसते, कारण बाई पोरांना कळत नसलं तर कळत नाही असंच भरते. तो तिला म्हणाला, आकडा जरा वाढवा. बाई म्हणाली, "पोरं वाढवते साहेब, आकडा त्यांच्या मागनं येईल." तरी त्यानं पिच्छा सोडला नाही. तुमच्यामुळं आमची मान खाली जाते म्हणाला. तेव्हा तिनं सुनावलं, "थर्मामीटर थंड पाण्यात बुडवून ताप उतरत नसतो." घरी येऊन तिनं मला हे सांगितलं. मी म्हटलं, उद्या येतो शाळेत, बघतो त्याच्याकडं. म्हणाली, "तुम्ही शेळ्या बघा."

मग तिच्या पोटात गाठ निघाली. सोलापूरच्या दवाखान्यात चकरा सुरू झाल्या, तिला रजा टाकावी लागली. ती खाटेवर पडली आणि इकडं साहेबानं डाव साधला. शाळेतल्या यच्चयावत पोरांना वाचलेलं कळतं, असं मोबाईलवर भरून टाकलं. बाकीचे मास्तर गप्प बसले. त्यांनाही बदल्यांची भीती, मी समजू शकतो, पण माफ करू शकत नाही. आणि सगळ्यांना कळतंच आहे म्हटल्यावर सकाळच्या तासाची गरज काय? तास बंद. गोष्टीची पुस्तकं कपाटात, कपाटाला कुलूप.

हे मुमताजनं येऊन सांगितलं. बाईला बघायला आली होती, तिला वाटलं बाईला ठाऊक असेल. मी डोळ्यांनी खुणावत होतो, पण ती बोलून गेली. बाईनं माझ्याकडं तोंड वळवलं. मग म्हणाली, "अहो, वाटीखालची पोरं आता कुणालाच दिसायची नाहीत."

त्यानंतर थोड्याच दिवसांत ती गेली. दुखणं तिला घेऊन गेलं हे मला कळतं. पण शेवटचे दिवस तिला पोटापेक्षा जास्त काय दुखत होतं, तेही मी बघितलंय.

शोकसभा शाळेच्या पटांगणात झाली. पोरांना ओळीनं बसवलं होतं, मला खुर्ची दिली होती, हातात श्रद्धांजलीचा छापील कागद. साहेब उठला आणि म्हणाला, बाईंच्या तळमळीमुळं ही शाळा वाचनात शंभर टक्के झाली. वर म्हणाला, बाईंचं काम आपल्याला पुढं न्यायचं आहे. माझं डोकं फिरलं. मी जागेवरून उठलो. "साहेब, ती जिती होती तवर तुम्हाला खोटं लिहून दिलं नाही. आता मेल्यावर तिच्या नावावर खपवताय? लाज वाटू द्या."

दोघातिघांनी मला धरून खाली बसवलं. दुःखात हाईत, बोलू द्या, असं कुणीतरी म्हणालं. माझं दुःख पुढं करून त्यांनी माझं म्हणणं झाकून टाकलं. साहेबानं रुमालानं कपाळ पुसलं आणि पोरांकडं वळला. "तर मुलांनो, बाईंचं काम पुढं न्यायचं. कळलं ना?"

"होऽऽ."

ती घंटा वाजली आणि मी डोळे मिटले. तेवढ्यात पोरांच्या ओळीतून आवाज आला, "मला नाही कळलं."

सानिया उभी होती. मागं बायकांत मुमताज होती, पण तिनं पोरीला खाली बस म्हटलं नाही. साहेब हसून म्हणाला, "काय नाही कळलं बाळ?"

"बाईंचं काम पुढं न्यायचंय, तर मग सकाळचा तास का बंद केला?"

साहेबानं इकडं तिकडं बघितलं, घसा खाकरला आणि म्हणाला, "बाळ, बाईंचं काम आपल्याला पुढं न्यायचं आहे."

सानिया माझ्याकडं बघायला लागली. तिनं ओळखलं होतं. मीही ओळखलं होतं. प्रश्नातला शब्द धरून त्यानं आपल्याच भाषणातली ओळ उतरवली होती.

घरी आलो. ओसरीवर तिनं लावलेले ढीग, त्यावरचा तांब्या, वाटी, अडकित्ता, सगळं तसंच होतं. श्रद्धांजलीचा कागद खिशातून काढला, त्यावर साहेबाचं नाव मोठ्या अक्षरात छापलेलं. घडी उलगडली आणि वाटीखाली ठेवला. मग माठात हात घातले आणि ओंजळीनं पाणी प्यालो.