दक्षिणेचं दार

सकाळपासून घरात फोडलेल्या विटांच्या धुळीचा वास भरलाय आणि माझं डोकं फिरलंय. नव्वदच्या सुमारास आम्ही पिपरी मेघेत घर घेतलं, ते लेकीची शाळा समोर आणि माझा बसथांबा शेजारी म्हणून. राहायला जायच्या आधीच सासऱ्यांनी शाळेकडचं दार विटांनी बुजवलं. "दक्षिणेच्या दारातून यम येते." मी चिडले, "मामाजी, पोरीले तर रोज शाळेत जा लागते!" ऐकतो कोण! मागच्या दारानं निघून घरांच्या अख्ख्या लेआउटला वळसा घालत आम्ही मायलेकी वर्षानुवर्षं धावलो. शाळेची प्रार्थना घरात ऐकू यायची, आणि लेक रोज उशिरा पोचायची. ती शिकून केव्हाच नोकरीला लागली. आज सासऱ्यांनीच गवंडी बोलावून ती भिंत फोडायला लावली. "अन् यम?" मी विचारलं. "येऊ दे," ते म्हणाले, "माह्याच्यानं आता वळसा होत नाई."