रिबकाबायचे दोन शनिवार

रोह्याला लागून असलेल्या अष्टमीत रिबकाबाय अष्टमकर एकट्या राहत. एकट्या म्हणजे देव धरून दोघं, असं त्या ठणकावून सांगत. बेने इस्राएल ज्यूंची ती गल्ली एकेकाळी माणसांनी भरलेली होती. एकेक कुटुंब इस्राएलला गेलं आणि मागे उरल्या ह्या, बहात्तर वर्षांच्या, तोंडाने फटकळ. मुलगा एलिझर तिकडून फोनवर एकच धोशा लावी, "आई, तिथं तुला बघणारं कोण आहे?"

"बघणारा हाय. तू फोन ठेव."

बघणारा म्हणजे देव. बापाने लहानपणी सांगितलेली गोष्ट त्यांच्या मनात घट्ट बसली होती. मालकिणीने छळलेली हागार नावाची मोलकरीण, पोटुशी, रानात पळून जाते. तिथे झऱ्यापाशी देव तिची विचारपूस करतो, आणि ती देवालाच नाव देते, एल रोई. मला पाहणारा देव. भांडी घासायला येणारी हौसा ही गोष्ट पुन्हापुन्हा ऐके.

"माझ्यासारखीच व्हय गो ती?"

"तुझ्यापेक्षा कमी बोलायची."

गेल्या वर्षापासून मात्र हे नाव दिवसातून वीसदा घ्यायची पाळी आली होती. डावा डोळा काचबिंदूने आधीच गेलेला, आता उजव्यात मोतीबिंदू. पेणच्या डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं, पण उरलासुरला एकुलता एक डोळा सुरीखाली द्यायला बाईंचा धीर होईना. बिघडला तर एलिझर येणार, त्यांना घेऊन जाणार आणि ह्या घराला कायमचं कुलूप. तेव्हा आपल्याला दिसत नाही हे कुणाला कळूच द्यायचं नाही, असं त्यांनी ठरवून टाकलं. पायऱ्या मोजून उतरायच्या. शेजारच्या मालतीने नवी साडी दाखवली की बेधडक म्हणायचं, "रंग खुलतो गो तुला." आणि रोज सकाळी दारात उभं राहून देवाला दटावायचं, "एल रोई, तुला दिसतंय ना? मग तेवढं पुरे. कुणाला बोलू नको."

नाटक झकास चाललंय, अशी त्यांची खात्री होती. हौसाने मिठाच्या बरणीला सुतळी बांधली, झाकण ढिलं झालंय म्हणून. मालतीने पायऱ्यांच्या कडेला पांढरा पट्टा ओढला, मुंग्या येतात म्हणून. मालतीचे यजमान माधवराव, निवृत्त मास्तर, रोज सकाळी येऊन पेपर मोठ्याने वाचू लागले, मनात वाचलेलं डोक्यात शिरत नाही म्हणून. रिबकाबायनी सगळं खरं मानलं.

दर शुक्रवारी दिवेलागणीला त्या शब्बाथचा, म्हणजे ज्यूंच्या विसाव्याच्या दिवसाचा, दिवा लावत, काचेच्या पेल्यात पाणी, त्यावर तेल आणि वात. शनिवारी कामधाम बंद, हौसालाही सुट्टी. वार कळायला भिंतीवर रोज एक पान फाडायचं कॅलेंडर होतं, त्याची मोठी अक्षरं नाक टेकवलं की अजून लागत. एका गुरुवारी पान फाडायचं दुपारी आठवलं, तेव्हा दोन पानं चिकटून एकदम फाटली आणि खाली शुक्रवार निघाला. बाईंनी संध्याकाळी दिवा लावला.

दुसऱ्या दिवशी हौसा आली नाही. बरोबरच होतं. माधवराव आले. पेपरावरचा वार कधीच न वाचणारे मास्तर त्या दिवशी खणखणीत वाचून गेले, "आज शनिवार!" वर म्हणाले, "चहा नको, उपास आहे." रिबकाबाय स्वस्थ बसून राहिल्या.

दुपारी मशिदीतून जुम्म्याचं, म्हणजे शुक्रवारचं, प्रवचन ऐकू आलं. सत्तर वर्षं कानावर पडलेलं, चुकायचं कारणच नाही. बाई ताडकन उठल्या. कचऱ्याची टोपली चाचपली तर चिकटलेली दोन पानं हाताला लागली. आणि मग एकेक गोष्ट डोक्यात उजेड पाडत गेली. ढिलं झाकण. मुंग्या. मास्तरांचा शनिवार.

त्या तडक शेजारी गेल्या. शुक्रवारी माशांशिवाय घास न उतरणारे माधवराव पडेल चेहऱ्याने साबुदाण्याची खिचडी चिवडत होते. दाराशी हौसा बसली होती.

"मास्तर, आज वार कुठला?"

"तुम्ही म्हणाल तो."

मालतीला पदर तोंडात कोंबूनही हसू आवरेना. हौसा म्हणाली, "काल घरी जाताना दिवा दिसला. तुला लाज वाटंल म्हून मीच सगळ्यांना सांगितलं, उद्या शनवार करा."

"आन् मिठाची सुतळी?"

"ती होळीपासून हाय, बाय."

रिबकाबाय तिथेच खाली बसल्या आणि लहान पोरीसारख्या रडल्या. वर्षभर त्यांना वाटत होतं, ह्या अंधारात आपण एकट्याच चाचपडतोय. बऱ्याच वेळाने त्यांनी नाक पुसलं.

"मास्तर, पेणला फोन लावा. ऑपरेशन करून टाकू."

"आणि बिघडलं तर?"

"तर अजून सुतळ्या बांधा. मी हितून हलत नाय."

"लवकरची तारीख घेतो," माधवराव ताटाकडे बघत म्हणाले. "उद्या मला पुन्हा शनिवार आहे."

दिवेलागणीला बाईंनी पेल्यात पुन्हा तेल ओतलं, खऱ्या शुक्रवारचा दिवा लावला आणि वर बघून म्हणाल्या, "एल रोई, तुला एवढं बजावलं होतं, कुणाला बोलू नको. नाय राहवलं ना तुला?"